पाट साफ करायला घेतलेलं ग्रास कटर: दोन सीझन वापरून सांगतो

आधीच सांगतो, मशीन वाईट नाही, पण दुकानदार जे सांगतो त्यातलं निम्मं आपल्या कामाला लागू पडत नाही. मी हे बंगल्यापुढचं लॉन कापायला घेतलेलं नाही. आमच्या गावाचा जुना पाट आहे, पांझरेवरच्या बंधाऱ्यातून निघतो, तो दरवर्षी बेशरमीनं, म्हणजे पाण्याकाठी माजणाऱ्या त्या रानटी झुडपानं, गच्च भरतो आणि आम्ही पंधरा-वीस जणं रविवारी सकाळी जाऊन तो मोकळा करतो, त्यासाठी वर्गणी काढून घेतलंय. पाट, चारी, नाला असलं काम करणाऱ्यांनी वाचा, बाकीच्यांनी वेळ घालवू नका.

मशीन म्हणजे तेच, खांद्याला पट्टा लावून चालवायचं, ५२ सीसी, टू स्ट्रोक, दहा हजाराच्या थोडं आत पडलं. सोबत ८० दातांची चकरी, तीन पात्यांचं ब्लेड, नायलॉन दोरीचं डोकं आणि एक प्लास्टिकचा चष्मा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाजारात फिरलो तेव्हा तेच मशीन तीन वेगवेगळ्या स्टिकरखाली बघितलं, त्यामुळे नावात काही नाही.

आता ज्यांना पाट म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आलीय. नदीत दगडचुन्याचा बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या म्हणजे शेताकडं जाणाऱ्या छोट्या नाल्या, आणि खालचं रान साधारण चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. बहुतेकांचा तुकडा सगळ्या फडांत थोडाथोडा, म्हणजे पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी, एकाचं भिजलं आणि दुसऱ्याचं वाळलं असं नाही. पाणी शेतकऱ्यानं स्वतः फोडायचं नाही, ते काम पाटकऱ्याचं, राखणीला जागल्या, आणि पाटाची साफसफाई सगळ्यांनी मिळून. वीज नाही, मोटार नाही, पाणी आपल्या उताराने जातं. नंतर घरोघर विहिरी झाल्या, मोटारी बसल्या, वर धरणं झाली, नदीची धार बारीक झाली आणि पाटाकडे बघायचं कारणच उरलं नाही लोकांना. आमच्याकडे अर्धा पाट अजून चालतो, अर्धा बेशरमीच्या ताब्यात होता.

पहिल्या रविवारी मशीन घेऊन गेलो तेव्हा नाना बांधावर बसलेले. नाना म्हणजे आमचे चुलत आजोबा, ऐंशीच्या पुढे, तरुणपणी बरीच वर्षं पाटकरी होते. म्हणे, "हाई काय विमान लई उनात रे भो?" म्हणजे हे काय विमान घेऊन आलात. दोरी ओढली, एकदा, दोनदा, सात वेळा, सुरूच होईना. नाना हसू लागले. मग कळलं चोक उलटा होता. माझी चूक, मशीनची नाही, पण सोबतच्या पुस्तकात चोकचं चित्र जे छापलंय ते बघून कोणीही उलटाच लावेल.

सुरू झाल्यावर मात्र कामाला तोड नाही. बेशरमीचा सहा-सात फुटाचा ताटवा, जो कोयत्यानं कापायला दोन माणसांना अख्खी सकाळ जायची, तो चकरी ब्लेडनं तासाभरात आडवा. वाळलेलं गाजरगवत तर नायलॉन दोरीनंच उडतं. पाणकणसाला मात्र नायलॉन चालत नाही, ओलसर चिवट पानं डोक्याभोवती गुंडाळतात आणि दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून सोडवत बसावं लागतं, तिथं तीन पात्यांचं ब्लेड लावा. वेड्या बाभळीचं खोड मनगटाएवढं असेल तर नाद करू नका, मशीन मागे झटका मारतं, तिथं कुऱ्हाडच.

पट्टा एकदम भंगार. तासाभरात खांदा लाल. आम्ही जुन्या शाळेच्या दप्तराचे फोमवाले पट्टे शिवून लावले, आता बरंय. हात पण बधिर होतात कंपनानं, अर्ध्या तासानं माणूस बदला. आणि सोबतचा चष्मा फेकून द्या, चांगला घ्या. बेशरमीचा पांढरा चीक उडतो, बारीक खडे गोळीसारखे येतात, माझ्या नडगीवर अजून डाग आहे. गमबूट तर पाहिजेतच, पाटात धामण नेहमीचीच, पण दर वेळी धामणच असेल असं नाही ना.

आता खरी गोष्ट, जी एकाही व्हिडिओत कोणी सांगत नाही. मार्चमध्ये आम्ही दोनेकशे मीटर पाट कापून काढला, फोटो टाकले ग्रुपवर, शाबासक्या मिळाल्या, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाऊन सगळे गार. कापलेला माल तसाच पाटात पडलेला, म्हणलं वाळेल आणि पावसात वाहून जाईल. वाहून गेलाच. पण बेशरमीला उगवायला बीच पाहिजे असं नाही हो, कांडी पुरते. ओल्या मातीत कांडी पडली की मूळ धरते. ब्लेडनं एका ताटाच्या पाच-सहा कांड्या केल्या, पावसाच्या पाण्यानं त्या खाली नेल्या, आणि दसऱ्याला जाऊन बघतो तर जिथं आधी बेशरम नव्हतीच, खालच्या चारीच्या तोंडाशी, तिथं गुडघ्याएवढी हिरवीगार उभी, वर जांभळी फुलं पण आलेली. आम्ही साफ नव्हता केला पाट, लागवड केली होती. नाना फक्त एवढंच म्हणाले की आम्ही कोयत्यानं कापायचो तेव्हा बुडासकट उपटून बांधाच्या वर उन्हात उलटं टाकायचो, उगाच नाही.

म्हणून आता पद्धत बदलली. मशीनवाला एक, त्याच्या मागे दोघं-तिघं फक्त गोळा करायला, त्यांच्याही मागे एक टिकाव घेऊन बुडखे काढायला. कापलेलं पाटाबाहेर, बांधाच्या पलीकडं वाळायला, आणि पूर्ण वाळल्याशिवाय हलवायचं नाही. म्हणजे मशीननं माणसं वाचतात असं जे म्हणतात ते आमच्या कामात खोटं आहे. कापायची मेहनत वाचते, माणसं तेवढीच लागतात. फरक एवढाच की आधी पोरं यायची नाहीत, आता मशीन चालवायला मिळतं म्हणून येतात आणि मग टोपलं पण उचलतात. माझ्या मते दहा हजारातले पाच हजार तर इथंच वसूल.

गाळाला हे मशीन काही कामाचं नाही हे वेगळं सांगायला नको. गाळ फावड्यानंच. कोणी म्हणेल मग जेसीबी लावा. लावला होता एका वर्षी, या मशीनच्या आधी, गावानं पैसे गोळा करून. ऑपरेटरनं दिवसभरात पाट असा खणून दिला की बघत राहावं, रुंद, खोल, स्वच्छ. पाणी सोडलं आणि ते तिथंच थांबलं. तळ दोन-अडीच फूट जास्त खाली गेलेला, पुढचा तळ वर, मध्ये डबकं. उताराचा पाट आहे हा, जुन्या लोकांनी उतार इतका बारीक धरलाय की डोळ्याला दिसत पण नाही, तो बकेटनं खरवडला की संपलं. शेवटी परत माती भरून ठोकून घ्यावी लागली. नाना आता फावडेवाल्यांसोबत पहार घेऊन फिरतात, दर दहा पावलांवर गाळात पहार मारतात. भस्स आवाज आला तर गाळ, टण्ण वाजलं तर जुना मुरमाचा तळ, तिथं थांबायचं. एकदा मी म्हणलं, नाना, मोबाइलवर लेव्हलचं ॲप आहे. ते म्हणे ठेव तुझ्या खिशात.

अजून एक काळजी. बंधाऱ्याजवळचा पन्नास-साठ फूट पाट दगडचुन्यात बांधलेला आहे, तिथं चकरी ब्लेड अजिबात नको. आमच्या एका पोरानं लावलं, ठिणग्या उडाल्या, ब्लेडचे चार दात गेले आणि सांध्यातला चुना निघाला तो वेगळाच. ब्लेड दोनशे-अडीचशेला मिळतं, तसा चुना भरणारा गवंडी कुठून आणणार. दगडाजवळ नायलॉन दोरी किंवा साधा विळा. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप मशीननं कापू नकाच, वरून कापलं की मुळं आत जाड होतात आणि दगड ढकलतात.

पेट्रोलचं. टू स्ट्रोक आहे, त्यामुळे लिटरला ४० एमएल टू-टी ऑइल मिसळायचं, इंजिनाला वंगण तेवढंच, आत वेगळं ऑइल नसतं. हे सगळ्यांना सांगून ठेवा, लिहून टाकीवर चिकटवा. आमच्याकडे माझ्या चुलतभावानं घाईघाईत मोटरसायकलमधलं साधं पेट्रोल काढून टाकलं, वीस मिनिटं मस्त चाललं आणि मग किर्र करून जाम. पिस्टन, रिंग, मजुरी मिळून २२०० रुपये गेले. दुकानात वॉरंटीचं विचारलं तर आधी म्हणाले आहे, मग म्हणाले इंजिनाची आहे पण पिस्टनची नाही, मग म्हणाले बिल कच्चं आहे. चूक आमचीच होती पण "पिस्टन इंजिनात येत नाही" हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पक्कं बिल घ्या. आणि आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल असतं, ते ओल धरतं, त्यामुळे सीझन संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत मशीन चालवून मग ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी दोरी ओढून खांदा निखळेल.

कोणी विचारतं एवढं कशासाठी. आपल्या खान्देशात पाण्याचं काम कमी नाही झालेलं, शिरपूरला नाले रुंद-खोल करून पाणी जिरवलं, अमळनेरकडच्या गावांनी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेला उन्हात खड्डे खणले, आमच्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे, जंगल-पाणी राखणारे चैत्राम पवार, त्यांना २०२५ ची पद्मश्री मिळाली. ती सगळी कामं पाणी अडवायची, जिरवायची. पाट साफ करण्याला ना कप ना बक्षीस, कारण यात नवीन काही बांधत नाही ना कोणी, जुनं आहे तेच परत मोकळं करायचं, फोटोत काय दिसणार, एक ओली नाली. थोर इंजिनिअर विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले तेव्हा सुरुवातीच्या कामांतलं एक याच पांझरेच्या पाटावरचा पाइपचा सायफन, म्हणजे पाणी पलीकडं नेणारा बंद नळ, होता, हे मी एकदा आमच्या पोरांना सांगितलं. एकजण म्हणाला, मग ते पण गमबूट घालून उतरले असतील का. मला काय माहीत, पण प्रश्न आवडला.

दिवाळीच्या आधी दुसऱ्यांदा साफ केला, या वेळी कांडी न् कांडी वेचून. दिवाळीनंतर बंधाऱ्याचं तोंड उघडलं, पाणी आधी पानं-काडी ढकलत, फेस काढत, माणसाच्या चालीनं आलं आणि पोरं त्याच्यासोबत बांधानं पळत होती, "पानी ऊनं रे, पानी ऊनं!" म्हणजे पाणी आलं. खालच्या चारीपर्यंत पोचायला पावणेदोन तास लागले. त्या चारीवर सहा वर्षांत पाटाचं पाणी गेलं नव्हतं. चारीच्या शेवटी ज्यांचं रान आहे ते आप्पा, जे एका पण रविवारी आले नव्हते, ते पाणी बघून फावडं घेऊन आले. आम्ही काही बोललो नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा मात्र त्यांच्या घरून आला, आणि मिरची अशी की दोघांनी थेट पाटात तोंड घातलं.

स्टार द्यायचे तर मशीनला साडेतीन, पट्ट्याला शून्य, दुकानाला एक, तोही चहा पाजला म्हणून. जास्त काम असेल आणि पैसे असतील तर फोर स्ट्रोक घ्या, दुप्पट-तिप्पट पडेल पण मिक्सिंगची भानगड नाही आणि आवाज कमी, नानांशी बोलता येईल. नायलॉन दोरी सोबत येते ती दोन रविवारात संपते, बंडल वेगळं घ्या.

खालच्या गावातले लोक परवा मशीन मागायला आले होते, त्यांचा पाट आमच्यापेक्षा वाईट हालतीत आहे. द्यायचं ठरलंय. भाडं नाही, पेट्रोल त्यांचं, ऑइल आमच्यासमोर मिसळायचं, आणि मशीनवाल्याच्या मागं गोळा करायला किमान तीन माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर मशीन परत.