होल चान आणि शार्क रे ॲली : बेलीझमधील स्नॉर्केलिंगच्या एका दिवसाचे परीक्षण

मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या अँबरग्रिस बेटावरील सान पेड्रो या गावात स्नॉर्केलिंगच्या (मास्क आणि श्वासनळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून खालचे मासे पाहण्याच्या) सहली नेणाऱ्या कंपन्या इतक्या आहेत आणि त्यांच्या फलकांवरील कासवे, शार्क व पाकट यांची छायाचित्रे इतकी सारखी आहेत, की निवड कशाच्या आधारे करावी असा प्रश्न कोणालाही पडावा. जागा ठरलेल्या असल्यामुळे मासेही सर्वांना जवळजवळ तेच दिसतात. फरक पडतो तो आपल्याबरोबर पाण्यात उतरणाऱ्या गाइडमुळे, आणि दिवसभराच्या या सहलीला मी चांगले गुण देतो ते प्रामुख्याने त्याच्याच जोरावर. कंपनीच्या काही उणिवाही पुढे सांगायच्या असल्याने तिचे नाव येथे दिलेले नाही.

होल चान हे सागरी अभयारण्य १९८७ साली स्थापन झाले. सान पेड्रोपासून ते बोटीने थोड्याच वेळाच्या अंतरावर असून परवानाधारक गाइडशिवाय तेथे पाण्यात उतरता येत नाही. प्रवेशशुल्क बहुधा सहलीच्या दरात धरलेले नसते, त्यामुळे ते वेगळे द्यावे लागेल का, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे. त्याचबरोबर सांगितलेला दर बेलीझ डॉलरमध्ये आहे की अमेरिकी डॉलरमध्ये, याचीही खात्री करावी. दोन्ही चलने सर्रास चालतात आणि दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर असा स्थिर दर असल्यामुळे या एका प्रश्नावर सहलीचा खर्च दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो.

कंपनीने दिलेले साहित्य मध्यम दर्जाचे होते. फिन्स (पायांत घालायचे पोहण्याचे पंखे) ठीक होत्या, मात्र काही मास्कचे रबर कडक झालेले असल्याने त्यांत पाणी झिरपत होते. गाइडने बोट सुटण्यापूर्वीच प्रत्येकाचा मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढायला लावला. जो मास्क हात सोडल्यावर गळून पडला तो बदलून दिला आणि ज्यांच्या कपाळावरचे केस रबराखाली अडकत होते त्यांना ते मागे घ्यायला सांगितले. ही तपासणी पाच मिनिटांची असली, तरी पाण्यात गेल्यावर निम्मा वेळ मास्क रिकामा करण्यात घालवायचा की मासे पाहण्यात, हे तिथेच ठरते. सनस्क्रीन चोपडण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, हा त्याचा आग्रहही योग्य होता, कारण ऑक्सिबेंझोनसारखी काही सनस्क्रीनमधील रसायने प्रवाळाला अपायकारक असल्याचे मानले जाते, आणि तासन्‌तास पाण्यावर पालथे तरंगणाऱ्याची पाठ तशीही सनस्क्रीनला दाद देत नाही.

होल चान म्हणजे प्रवाळभिंतीतील एक नैसर्गिक खिंड होय. ती सुमारे ७५ फूट रुंद आणि ३० फूट खोल असून भिंतीच्या आतले उथळ, शांत पाणी आणि बाहेरचा खोल समुद्र यांची देवाणघेवाण तिच्यातून चालते. माशांची येथे एवढी दाटी असण्याचे कारण हेच, आणि येथील धोक्याचे कारणही हेच, कारण ओहोटीच्या वेळी पाणी खिंडीतून बाहेर वेगाने ओढले जाते. आमच्या गाइडने बोट तरंगत्या बोयाला बांधल्यावर (प्रवाळाची मोडतोड होऊ नये म्हणून येथे नांगर टाकत नाहीत) आधी एकट्याने उतरून प्रवाहाचा अंदाज घेतला आणि मगच आम्हाला पाण्यात घेतले. जाताना प्रवाहाविरुद्ध आणि परतताना प्रवाहाबरोबर, असा मार्ग त्याने आखला. त्यामुळे दमल्यावर पोहावे लागले नाही. ज्यांना पोहण्याचा आत्मविश्वास नव्हता त्यांनी त्याच्या हातातील गोल तरंगत्या कड्याला धरून सगळी फेरी केली, आणि त्याबद्दल कोणालाही संकोच वाटू दिला गेला नाही.

खिंडीच्या कडेला मोठ्या ग्रूपर माशांची निवांत ये-जा होती, घोडनेत्री जॅक माशांचा चंदेरी थवा प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी थांबलेला होता, आणि एका कपारीतून हिरव्या मोरे ईलचे (सापासारख्या लांब माशाचे) डोके बाहेर आलेले होते. ईलचे तोंड सतत उघडते-मिटते ते धमकावण्यासाठी नसून कल्ल्यांवरून पाणी फिरवण्यासाठी, हे गाइडने पाण्याबाहेर डोके काढून सांगितले नसते, तर आम्ही घाबरून दूर गेलो असतो. पाण्याखाली शांत राहिल्यास बारीक करकर ऐकू येते. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत असतात त्याचा तो आवाज. प्रवाळाला झाकून टाकणारे शेवाळ हे मासे खात असल्यामुळे बेलीझने २००९ पासून त्यांच्या मासेमारीवर बंदी घातलेली आहे. असे असूनही प्रवाळ सर्वत्र निरोगी आहे असे म्हणता येणार नाही. जागोजागी पांढरे पडलेले किंवा मेलेले पट्टे दिसतात, आणि प्रवाळाचे ऊतक झडवणारा जो रोग २०१४ मध्ये फ्लोरिडात प्रथम आढळला तो २०१९ मध्ये बेलीझपर्यंत पोहोचला. सहलीच्या जाहिरातीत अर्थातच याचा उल्लेख नसतो; आमच्या गाइडने मात्र तो आपणहून केला.

माझ्या मते दिवसातील सर्वोत्तम भाग म्हणजे समुद्रगवताचा उथळ पट्टा, ज्याकडे बरेच प्रवासी वाटेतील थांबा म्हणून पाहतात. तेथे एक हिरवे कासव चरत होते. मान किंचित तिरकी करून ते गवताची पाती तोडत असे, तोडताना उडालेली वाळू खाली बसेपर्यंत थांबत असे आणि मग पुढचा घास घेत असे. त्याच्या कवचाला चिकटलेला रेमोरा मासा या सगळ्यात जागचा हलला नाही. गाइडने आम्हाला कासवाच्या बाजूला, बरेच अंतर राखून ठेवले आणि त्याच्या वर किंवा समोर कोणालाही जाऊ दिले नाही, कारण श्वास घेण्यासाठी वर येणाऱ्या कासवाची वाट अडली, तर ते पळ काढते. दुसऱ्या बोटीतील दोघे कॅमेरा घेऊन थेट त्याच्या मागे लागले आणि कासव दोनचार फटकाऱ्यांत दिसेनासे झाले, तेव्हा या शिस्तीचे मोल वेगळे सांगावे लागले नाही.

शार्क रे ॲलीबद्दल माझे मत मात्र संमिश्र आहे. कोळी पूर्वी येथे मासळी साफ करून अवशेष पाण्यात टाकत असत, त्याला सोकावून नर्स शार्क आणि पाकट जमू लागले, आणि पुढे हीच जागा अभयारण्यात समाविष्ट झाली. आज बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकताच शार्क बोटीभोवती गोळा होतात. नर्स शार्क तळाशी विसावणारा, सहसा माणसाच्या वाटेला न जाणारा प्राणी आहे; त्याच्या वरच्या ओठाजवळच्या दोन मिशा हाताच्या अंतरावरून दिसतात, हे खरोखर विलक्षण आहे. पाकटाच्या शेपटीवर मात्र विषारी काटा असतो, म्हणून तळावर पाय टेकू नयेत ही सूचना अक्षरशः पाळावी. आमच्या बोटीवरून मासळीचे तुकडे टाकले गेले आणि क्षणार्धात पाणी ढवळून निघाले. छायाचित्रे उत्तम आली, परंतु जंगली प्राण्याला इंजिनाच्या आवाजाला जेवणाची घंटा समजायला लावणे मला पटले नाही. आदल्या थांब्यावर कासवापासून अंतर राखायला शिकवणाऱ्या कंपनीने पुढच्याच थांब्यावर असे करावे, ही विसंगती खटकली. तुकडे न टाकताही शार्क येतातच, हे शेजारच्या बोटीजवळ आम्ही पाहिले.

दुपारचे जेवण कॉकर बेटावर होते: नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात आणि रश्श्यातले कोंबडीचे मांस, साधे पण चविष्ट. परतीच्या वाटेवर मॅनाटी हा संथ, अवजड सागरी सस्तन प्राणी दिसण्याची शक्यता सांगितली जाते. तेव्हा इंजिन बंद करून थांबावे लागते आणि पाण्यात उतरता येत नाही, कारण बेलीझमध्ये मॅनाटीबरोबर पोहण्यास मनाई आहे. आम्हाला एक राखाडी पाठ आणि दोन नाकपुड्या क्षणभर दिसल्या; काही जण त्यावर नाराज झाले, मी नाही. जी कंपनी मॅनाटीबरोबर पोहण्याचे आश्वासन देईल, तिच्याकडे नोंदणीच करू नये.

बेलीझची प्रवाळभिंत १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. खारफुटीची तोड आणि किनाऱ्यावरील जमिनींची विक्री यांमुळे २००९ मध्ये ती धोक्यातील वारसास्थळांत गेली आणि समुद्रातील तेलउत्खननाला कायद्याने स्थगिती मिळाल्यावर २०१८ मध्ये त्या यादीतून बाहेर आली. त्यामुळे तेथे जाणाऱ्याने नोंदणीपूर्वी दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: एका गाइडमागे पाण्यात किती माणसे असतील आणि शार्कना खायला टाकले जाते का. पहिल्याचे उत्तर आठपेक्षा जास्त आल्यास दुसरीकडे चौकशी करावी. हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटल्यावर पाणी गढूळ होते आणि खिंडीत लाटा वाढतात, अशा वेळी पैसे परत न मागता तारीख पुढे ढकलून घ्यावी. दिवसभर पाण्यात राहण्याची सवय नसलेल्यांना केवळ होल चान आणि समुद्रगवताचा पट्टा असलेली अर्ध्या दिवसाची सहल पुरेशी आहे. मी पुन्हा गेलो, तर तीच घेईन आणि वाचलेल्या पैशांतून गाइडला बक्षिसी थोडी वाढवून देईन.