रसेल विल्सन, डेन्व्हर डिलिव्हरी: पाचपैकी दीड तारा

माल: अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू), वय ३३, सुपर बोल (हंगामाचा अंतिम सामना) जिंकलेला. तो जिंकताना त्यानं आम्हालाच ४३-८ असं धुतलं होतं, फेब्रुवारी २०१४ मध्ये. विकणार सिॲटल सीहॉक्स, घेणार आमचे डेन्व्हर ब्रॉन्कोज. सौदा मार्च २०२२ चा.

मोजलेली किंमत: पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक, दुसऱ्या फेरीचे दोन, पाचव्या फेरीचा एक. शिवाय ड्रू लॉक, नोआ फँट आणि शेल्बी हॅरिस हे तीन चालू खेळाडू. बदल्यात विल्सन, आणि भाजीवर कोथिंबीर घालावी तसा चौथ्या फेरीचा एक पिक.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. कॉलेजातून येणारी पोरं संघ पाळीपाळीनं निवडतात; हा ड्राफ्ट, आणि त्यातली एकेक पाळी म्हणजे पिक. आदल्या हंगामात जो तळाला, त्याची पाळी आधी. निवडलेल्या पोराचा पगार कितव्या क्रमांकाला घेतला त्यावर ठरतो आणि चार वर्षं तो स्वस्तात पडतो. सगळ्या संघांना पगाराची एकच मर्यादा (२०२२ मध्ये २०.८२ कोटी डॉलर), म्हणून पिक देताना संघ ती चार स्वस्त वर्षंही देऊन टाकत असतो.

तरी एवढं देऊन घ्यावा का? मी म्हणेन, हो. आजही म्हणेन. आमचा नावाजलेला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे सीमियन, लिंच, कीनम, फ्लॅको, लॉक, ब्रिजवॉटर अशी रांग लागली होती. २०२० च्या नोव्हेंबरात कोविडच्या नियमांमुळे सगळेच क्वार्टरबॅक एकदम बाहेर बसले आणि केंडल हिंटन नावाच्या रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) त्या जागी उभं करावं लागलं. नऊ पास टाकले, एक आपल्याकडे पोचला, दोन समोरच्यांनी पळवले. न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी ३१-३ नं हरवलं. तो सामना ज्यानं बघितलाय त्याला पिकांचा हिशेब सांगायला जाऊ नये.

तेव्हा वस्तू घरात आली तेव्हा आम्ही खूश. लॉकची जर्सीही ३ नंबरची आणि विल्सनचीही ३, म्हणून माझ्या मुलानं पाठीवरच्या 'लॉक'वर पांढरी टेप चिकटवून मार्करनं 'विल्सन' लिहिलं. आमच्या रविवारच्या कंपूत त्यावरून त्याची पुष्कळ थट्टा झाली. पुढे काय होणार हे माहीत असतं तर पोराच्या काटकसरीचा सत्कार केला असता.

आता वापराचा अनुभव. पहिलाच सामना सिॲटलमध्ये, सोमवारी रात्री. आमचे दोन फंबल (हातातून सुटलेले चेंडू), तेही गोलरेषेपासून एका यार्डावर. शेवटी एका गुणानं मागे, चौथा डाऊन (म्हणजे शेवटचा प्रयत्न), पाच यार्ड हवे होते, घड्याळ थांबवायचे तीन टाइमआऊट हातात. ज्याच्यासाठी पाच पिक मोजले त्याच्या हातात चेंडू द्यायचा सोडून कोच हॅकेटनं घड्याळ पळू दिलं आणि ६४ यार्डांवरून किक मारायला लावली. चुकली. १६-१७.

पुढचा रविवार घरच्या मैदानावर, ह्यूस्टनविरुद्ध. वर डोंगरच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर मी होतो. प्ले क्लॉक (पुढची चाल सुरू करायची मुदत) संपत आलं तरी आमचा संघ जमावजमव करतोय, म्हणून प्रेक्षकच मोठ्यानं उलटे आकडे म्हणायला लागले. पाच! चार! तीन! आपल्याच संघाला अख्खं स्टेडियम शाळेतल्या पीटीच्या सरांसारखं दटावतंय, असं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं. गंमत म्हणजे सामना जिंकलो, १६-९, पण घरी जाताना पार्किंगमध्ये कोणी जिंकल्यासारखं बोलत नव्हतं.

ऑक्टोबरात इंडियानापोलिस कोल्ट्स आले. त्यांचा क्वार्टरबॅक मॅट रायन, तोही त्याच वर्षी तिसऱ्या फेरीचा पिक देऊन आणलेला. म्हणजे दोन्हीकडे नावाजलेला, आयता आणलेला माल. एकाही बाजूनं टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) नाही. ९-१२, जादा वेळेत हरलो, आणि जादा वेळ सुरू व्हायच्या आधीच लोक जॅकेट घालून निघाले होते. हंगाम ५-१२ नं संपला, विल्सनला ५५ वेळा आडवा केला गेला, हॅकेटला तर वर्षही पूर्ण करू दिलं नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. सिॲटलहून येताना विल्सनच्या जुन्या करारात दोन वर्षं शिल्लक होती. दोन वर्षं वापरून बघायची मुभा! तरी १ सप्टेंबर २०२२ ला, ब्रॉन्कोजसाठी एकही सामना खेळायच्या आत, त्याला २४.५ कोटी डॉलरचा नवा करार दिला, त्यातले १६.५ कोटी हमीचे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. २०२३ मध्ये त्याचा खेळ बराच बरा होता, २६ टचडाऊन, फक्त ८ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पळवलेले पास). तरी शेवटचे दोन सामने बाकावर, कारण खेळताना दुखापत झाली असती तर आणखी ३.७ कोटींची हमी गळ्यात पडली असती, असा सगळ्यांचा तर्क. मार्च २०२४ मध्ये सोडून दिला. तो पिट्सबर्गला किमान पगारावर गेला, १२.१ लाखांत, बाकीचे पावणेचार कोटींच्या वर आम्ही भरले. पगारमर्यादेत साडेआठ कोटींचा मृत बोजा (संघात नसलेल्या खेळाडूपायी अडकलेली रक्कम), दोन वर्षांत विभागून. तो तेव्हाचा विक्रमच.

याच्या शेजारी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डचा सौदा ठेवून बघा. त्याच्यासाठी लॉस एंजेलिस रॅम्सनी २०२१ मध्ये डेट्रॉइटला पहिल्या फेरीचे दोन पिक, तिसऱ्या फेरीचा एक आणि आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ दिला. किंमत आमच्याच पंगतीतली. त्याच हंगामात त्यांनी सुपर बोल जिंकला, आणि स्टॅफर्डला मोठा करार दिला तो जिंकल्यावर, मार्च २०२२ मध्ये. पुढच्या वर्षी रॅम्सही ५-१२ झाले, आमच्याइतकेच! २०२३ च्या ड्राफ्टमध्ये आमचा गेलेला पिक पाचवा होता, त्यांचा सहावा. डेट्रॉइटनं त्या सहाव्याची अदलाबदल करून गिब्स आणि लापोर्टा हे खेळाडू मिळवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्सनाच एका गुणानं घरी पाठवलं. तरी लॉस एंजेलिसमध्ये राहणारा माझा मावसभाऊ या सौद्याबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही. बोटात जेतेपदाची अंगठी असली की हिशेब कोण मागतो?

सिॲटलचंही सांगायला हवं. आमच्या चार मोठ्या पिकांतून त्यांनी चार्ल्स क्रॉस, बोये माफे, डेव्हन विदरस्पून आणि डेरिक हॉल उचलले. विदरस्पून तर पहिल्याच वर्षी 'प्रो बोल' या निवडक खेळाडूंच्या मानात पोचला. विक्रेत्याला पाचपैकी पाच, तक्रारीला जागा नाही.

कोणी विचारलं, नावाजलेला क्वार्टरबॅक पिक देऊन घ्यावा का, तर माझं उत्तर: लाइन (क्वार्टरबॅकला जपणारी फळी) धड असेल, कोच ठरलेला असेल, तर खुशाल घ्या, दोन पहिले पिकही द्या. फक्त जुना करार संपेपर्यंत नव्याची शाई उघडू नका. अर्धा तारा मी दिलाय तो २०२३ च्या त्या २६ टचडाऊनना.

जाता जाता ब्रॉन्कोजचीच दुसरी खरेदी. २०२३ मध्ये त्यांनी पहिल्या फेरीचा एक आणि पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीचा एक असे पिक देऊन सेंट्सकडून शॉन पेटन हा कोच आणला, सोबत तिसऱ्या फेरीचा पिक परत आला. कोचचा पगार मर्यादेत मोजत नाहीत. त्यानं २०२४ मध्ये बाराव्या पिकवर बो निक्सला घेतलं आणि विल्सनचा बोजा डोक्यावर असताना १०-७ करून प्लेऑफ गाठली. बफेलोनं तिथे ३१-७ असं झोपवलं, ते सोडा. या खरेदीला चार तारे.