दाते मोजायला ठिपके की रेषा?

होळकरी, म्हणजे होळकरांच्या इंदूर संस्थानच्या टपाल तिकिटांचा नाद नव्याने लागलेल्या माझ्या पुतण्याने मागच्या रविवारी विचारलं, "काका, गेज एकच घ्यायचंय. ठिपक्यांचं घेऊ की रेषांचं?" गेज म्हणजे तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी, आणि दोन्ही प्रकारची मी वापरली आहेत. ठिपक्यांचं सतरा वर्षं आणि रेषांचं त्यानंतरची बारा. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे जरा विस्ताराने लिहितो. कडेच्या दोन सेंटीमीटरमध्ये किती छिद्रं येतात ते आपण मोजतो, आधी आडव्या कडेचा आकडा आणि मग उभ्या कडेचा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असणारच.

ठिपक्यांचं गेज म्हणजे पुठ्ठ्याची, ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची अपारदर्शक पट्टी. प्रत्येक मापाची ठिपक्यांची एकेक ओळ. तिकीट चिमट्याने तिच्यावर ठेवायचं आणि ओळीमागून ओळ सरकवत जायचं. सगळे ठिपके छिद्रांत बरोबर बसले की तो आकडा. हात बसला की हे काम फार झरझर होतं. रद्दीतून आलेली किलोभर तिकिटं पाण्यातून काढून, वाळवून टेबलावर पसरली असतील तर आजही माझा हात आधी याच्याकडे जातो. १९७९ पासूनची शेती आणि ग्रामविकासाची नेहमीची मालिका घ्या. तिच्यात एकाच चित्राची तिकिटं कधी १३ ची, तर कधी १४ आणि १४½ च्या आसपासची मिळतात. एका दात्याचा किंवा जास्त फरक असला की ठिपक्यांचं गेज चुकत नाही, वेळही खात नाही. स्वतंत्र भारताची सुटी तिकिटं एवढाच संग्रह असेल तर त्याने भागेल असं मी पुतण्यालाही म्हटलं.

रेषांचं गेज पारदर्शक असतं. त्याच्यावर पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा वर जवळजवळ आणि खाली पसरत गेलेल्या. पट्टी तिकिटाच्या कडेवर ठेवून वरखाली सरकवायची, आणि ज्या ठिकाणी प्रत्येक रेष प्रत्येक दात्याच्या मधोमध जाईल त्या उंचीवरचा आकडा वाचायचा. इथे ओळी नाहीत, त्यामुळे अर्ध्या-पाव मापाच्या उड्याही नाहीत. १३.६ असेल तर १३.६ दिसतं. पहिले पंधरा दिवस मला ते अजिबात जमत नव्हतं. डोळा एका टोकाची रेष जुळवायचा तोवर दुसऱ्या टोकाची सुटलेली असायची. पुढे लक्षात आलं की पहिला दाता पक्का धरायचा आणि नजर थेट शेवटच्या दात्याकडे न्यायची. मधले आपोआप बसतात.

आमच्या इंदूरच्या तिकिटांवर हा फरक चांगला कळतो. यशवंतराव होळकरांच्या १९२७ पासूनच्या मालिकेला, जी लंडनच्या पर्किन्स बेकन कंपनीने खोदीव पद्धतीने (कोरलेल्या पत्र्यावरून) छापली, कॅटलॉग एकच माप देत नाही. '१३ ते १४' असं मोघम लिहून मोकळा होतो. ठिपक्यांचं गेज अशा तिकिटाला ओढूनताणून १३½ मध्ये नाहीतर १४ मध्ये बसवतं. रेषांच्या गेजवर माझ्याजवळच्या प्रतींचे दोन-तीन गट स्वच्छ वेगळे पडले. त्याच महाराजांची १९४० नंतरची मालिका मुंबईला टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात साध्या ठशांनी छापली आणि तिचे दाते ११ चे. ते इतके मोठे आहेत की तिथे कुठलंच गेज लागत नाही, नजर पुरते.

पण माझ्यापुरता निकाल या पाव-अर्ध्या दात्याने लावला नाही. ठिपक्यांच्या गेजची एक गोष्ट मला वर्षानुवर्षं छळत होती. दर वेळी तिकीट उचलून त्याच्यावर न्यावं लागतं. अल्बममध्ये हिंज (मागे चिकटवायची छोटी कागदी पट्टी) लावून बसवलेलं असेल तर उलटवून खाली पट्टी सरकवायची, आणि त्यात हिंज सुटतो. माउंटमध्ये, म्हणजे पारदर्शक पाकिटात असेल तर बाहेर काढायचं आणि परत घालताना कोपऱ्याचा दाता दुमडतो. लिफाफ्यावर चिकटलेलं असेल तर इलाजच खुंटतो. पट्टीतून आरपार दिसत नाही, त्यामुळे ती तिकिटावर ठेवून उपयोग नाही, आणि लिफाफ्याखाली सरकवली तर ठिपके दिसत नाहीत.

माझ्याकडे रामपुऱ्याचा शिक्का असलेला एक लिफाफा होता. अर्ध्या आण्याचं यशवंतरावांचं तिकीट, शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर, खाली पत्ता मोडीत. कुणा व्यापाऱ्याचं पत्र असावं. तिकिटाची वरची कड मला नेहमीपेक्षा बारीक दात्यांची वाटत होती आणि ते तपासल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. जुन्या ओळखीच्या एका संग्राहकाने सांगितलं, भिजव आणि काढ, तिकीट महत्त्वाचं. मी भिजवलं. तिकीट निघालं, ठिपक्यांवर ठेवलं, माप १४ भरलं, अगदी साधं. पत्त्याची शाई मात्र पाण्यात उतरली आणि शिक्क्याचा उरलेला अर्धा भाग कोऱ्या कागदावर एकटा राहिला. रामपुऱ्याहून कुणी कुणाला लिहिलं होतं हे आता कुणालाच वाचता येणार नाही. लिफाफा अजून माझ्याजवळ आहे. तेव्हा माझ्याकडे पारदर्शक पट्टी असती तर दहा सेकंदांत, काहीही न ओलावता उत्तर मिळालं असतं. पुढच्याच महिन्यात मी ती मागवली.

म्हणून माझा कल कुठे आहे ते उघड आहे. तरी रेषांच्या गेजच्या अडचणी लपवणं बरं नाही. पहिली अडचण नजरेची. पट्टीला जाडी असते. छापलेली बाजू वर राहिली तर रेष आणि दाता यांत फट राहते आणि डोकं जरा कलतं झालं की आकडा बदलतो. छापील बाजू तिकिटाला टेकलेलीच हवी. दुसरी, ओरखडे. माझी पट्टी तीन वर्षांत धुरकट झाली होती. आता ती फ्लॅनेलच्या पिशवीत ठेवतो. तिसरी अडचण जास्त नाजूक आहे. दशांशापर्यंत आकडा दिसायला लागला की नवशिक्याला प्रत्येक तिकीट 'वेगळं' वाटू लागतं. भिजवून वाळवलेला कागद आकसतो, आणि एका दिशेने दुसरीपेक्षा जास्त. त्यामुळे १४ चं तिकीट १४.१ दाखवतं यात शोध लागला असं काही नाही. मी आता एकाच पानावरची किंवा एकाच प्रकारची चार-पाच तिकिटं मोजल्याशिवाय वहीत काही लिहीत नाही.

आणि कुठलंही गेज असो, विकत घेतल्या दिवशी स्टीलच्या पट्टीवर तपासा. माझं पहिलं ठिपक्यांचं पुठ्ठ्याचं गेज कुणीतरी मूळ पत्रकावरून झेरॉक्स काढून विकलेलं होतं. छपाईत ते किंचित मोठं झालं होतं आणि १३½ चं तिकीट मला कित्येक महिने १३¾ दाखवत राहिलं. पावसाळ्यात पुठ्ठा आणखी फुगायचा, तो भाग वेगळाच. १४ च्या ओळीत चौदा दाते बरोबर दोन सेंटीमीटरमध्ये मावतात ना, एवढं बघायला मिनिट लागतं.

एका कामात मात्र रेषांना तोड नाही, असं माझा अनुभव सांगतो. एखाद्या तिकिटाची कापलेली सरळ कड नंतर दाते पाडून 'दुरुस्त' केलेली असते. खऱ्या तिकिटाच्या समोरासमोरच्या कडा सहसा सारख्याच मापाच्या येतात. एका कडेला १३.९ आणि समोर १३.५ आलं तर मी ते तिकीट भिंगाखाली नेतो, दात्यांची टोकं फार ताजी, फार स्वच्छ आहेत का ते बघतो. अर्ध्या दात्याहून कमी असा हा फरक ठिपक्यांवर सहज निसटला असता.

जिथे दाते काहीच सांगत नाहीत तिथे दोन्ही गेज सारखीच मुकी. पाचव्या जॉर्जची साधी तिकिटं आधी लंडनला डी ला रूने छापली आणि १९२६ पासून नाशिकला. माप दोन्हीकडे १४. तिथे पाण्याचा छापच (कागदातच असलेली, उजेडात दिसणारी खूण) बघावा लागतो, लंडनचा एकेक तारा आणि नाशिकचे अनेक. छपाईची पद्धत ओळखायला तर दहापटीचं भिंगच हवं. पर्किन्स बेकनची खोदीव होळकरी तिकिटं तिरप्या उजेडात धरली की शाईची रेष कागदावर किंचित उठलेली दिसते आणि १९४० ची मुंबईची छपाई सपाट असते. १९४८ च्या दहा रुपयांच्या गांधींच्या तिकिटाची नक्कल ओळखायला मात्र दाते आणि छपाई दोन्ही बघावी लागतात. खरं तिकीट स्वित्झर्लंडच्या कूर्वाझिये छापखान्याने फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापलेलं, माप ११½. भिंगाखाली ऑफसेट छपाईचे टिपके दिसले तर दाते मोजण्याचे कष्टही घेऊ नका.

यूएसबी सूक्ष्मदर्शक आणि स्कॅनर यांच्याबद्दलही पुतण्याने विचारलं. फोटो दाखवायला, जपून ठेवायला उत्तम. १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० पिक्सेल) दोन सेंटीमीटर म्हणजे ९४५ पिक्सेल, त्यातून माप काढताही येतं. पण त्यासाठी लिफाफा काचेवर पालथा दाबावा लागतो, आणि माझे जुने लिफाफे तेवढे दाबवत नाहीत.

शेवटी त्याला म्हटलं, लिफाफे जमवणार असशील तर रेषांचंच घे, ठिपक्यांचं माझं जुनं हवं तेव्हा ने. तो लगेच काही बोलला नाही. मग त्याने स्वतःच्या पिशवीतून नव्याने मिळालेला एक लिफाफा काढला, तोही होळकरी, पाव आण्याचा. खिडकीपाशी उजेडात मी त्याच्यावर पट्टी ठेवली, त्याने वाकून पहिला दाता धरला आणि नजर शेवटच्या दात्याकडे नेली. वरची कड १३.६, डावी १३.७. त्याने पेन्सिलीने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि लिफाफा होता तसाच पुन्हा पिशवीत ठेवला.