टियर दोन की टियर तीन?

दूध संघाचा सर्व्हर सांगलीतल्या कार्यालयात ठेवायचा नाही, हे 2019 च्या महापुराने आमच्यापुरते ठरवून टाकले होते. पुण्यात कोणत्या दर्जाच्या डेटा सेंटरमध्ये जागा घ्यावी, एवढाच प्रश्न उरला. या दर्जाला टियर म्हणतात आणि तो एकपासून चारपर्यंत चढत जातो. टियर एक आमच्या गरजेला अपुरा आणि टियर चार ऐपतीबाहेरचा. म्हणून भाडे कमी असलेला टियर दोन आधी घेतला.

दोन वर्षांत तिथे बिघाडामुळे सर्व्हर एकदाही बंद पडला नाही, हे मान्य केले पाहिजे. त्रास झाला तो नोटिशीचा: रविवारी पहाटे चार ते दहा देखभालीसाठी वीज बंद. टियर दोनमध्ये जनरेटर, यूपीएस जादाचे असले तरी वीज रॅकपर्यंत, म्हणजे सर्व्हर बसवलेल्या मांडणीपर्यंत, आणणारा मार्ग एकच असतो. त्यावरच्या पॅनेलला हात लावायचा तर सर्व्हर बंद करावाच लागतो. रविवारी सुट्टी असलेल्या कार्यालयाला याचे काही वाटणार नाही. आमचे दूध मात्र रोज दोन वेळा येते. त्या सकाळी संकलन केंद्रांवर लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातले घन घटक) वहीत उतरवले गेले, नंतर ते संगणकात भरताना एका केंद्राचे म्हशीचे दूध गाईच्या दराने लागले, आणि दहा दिवसांचे बिल निघताच तिथले सचिव ते हातात घेऊनच दारात उभे राहिले.

टियर तीनमध्ये पर्यायी मार्ग असल्याने अशी देखभाल सर्व्हर चालू ठेवून होते. अचानक बिघाड होणारच नाही, अशी हमी तो देत नाही, शिवाय दोन्ही मार्गांना जोडण्यासाठी सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय लागतात. आमच्या जुन्या यंत्राला एकच होता, तो खर्च वाढला. टियर दोन 99.741 आणि टियर तीन 99.982 टक्के वेळ चालू, म्हणजे वर्षाला सुमारे 22 तास आणि दीड तास बंद, ही तुलना माहितीपत्रकांत अजून दिसते. टियर ठरवणाऱ्या अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेने मात्र ते आकडे आपल्या मानकातून केव्हाच वगळले आहेत. त्यापेक्षा प्रमाणपत्र नुसत्या आराखड्याचे आहे की उभ्या राहिलेल्या इमारतीचे, हे विचारलेले बरे. इतरांची गरज वेगळी असू शकेल. आम्ही मात्र जास्त भाडे मोजून टियर तीनमध्ये गेलो, आणि त्यानंतर रविवारी वही उघडावी लागलेली नाही.

टियर ठरतो तो मुख्यतः वीज आणि शीतकरण यांच्या रचनेवरून. जागा, इमारत आणि केबलिंग यांचाही विचार टीआयए-942 या डेटा सेंटरच्या दुसऱ्या मानकात असतो. तिथे दर्जाला टियर न म्हणता रेटेड म्हणतात. जागा पाहायला गेलो तेव्हा जनरेटर कोणत्या मजल्यावर आहेत, हेच आम्ही आधी विचारले. एका ठिकाणी ते तळघरात होते. तिथला दरही न विचारता आम्ही परत फिरलो.