पिक लाइन की केमोपोर्ट? दोन्ही लावून घेतलेल्या बाईचं मत

जाऊबाईंच्या भाचीचं स्तनाचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. केमोचा कागद हातात पडला आहे. आधी चार वेळा ‘लाल औषध’ (रंगाने लाल असलेली केमो), मग बारा आठवडे पॅक्लिटॅक्सेल ही दुसरी केमो, आणि गाठ हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेली) निघाल्यामुळे वर्षभर त्यावरचं ट्रास्टुझुमॅब. एवढं सगळं हाताच्या शिरांवर निभणार नाही, औषध थेट मोठ्या शिरेत नेणारी पिक लाइन किंवा पोर्ट यातलं एक ठरवून या, असं डॉक्टरांनी तिला सांगितलंय. तिने मला फोन केला, कारण हाच कागद काही वर्षांपूर्वी माझ्या हातात होता आणि मी दोन्ही लावून घेतलेलं आहे. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहून काढते. त्याच वाटेवर असलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

दोन्हीची चित्रं डॉक्टरांनी काढून दाखवली असतीलच. पिक लाइन म्हणजे बारीक लांब नळी, ती दंडातून आत जाते आणि तिचं एक टोक बाहेर राहतं. पोर्ट म्हणजे नळी जोडलेली छोटी डबी, तो पूर्ण कातडीखाली असतो. माझ्या अनुभवात सगळा फरक या बाहेर राहिलेल्या चार-पाच बोटं नळीने पाडला.

आधी साध्या सुईबद्दल, कारण ‘सुईवरच भागवू’ असं घरचे म्हणतात. पहिली केमो मी सुईवरच घेतली. लाल औषध सिस्टरांनी शेजारी बसून, हाताने हळूहळू दिलं. ते शिरेबाहेर सांडलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. माझं सांडलं नाही, तरीही आठवड्याभरात ती शीर सुतळीसारखी कडक आणि काळपट झाली, कोपर सरळ करताना आतून ओढ बसायची. डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे डाव्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. म्हणजे वर्षभराच्या औषधाला हात एकच, उजवा. तिथे पुन्हा सुई टोचून घ्यायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या केमोच्या आधी, मार्चमध्ये, पिक लाइन घातली. तिच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सोनोग्राफीवर शीर बघत, दंड तेवढ्यापुरता बधीर करून, अर्ध्या तासाच्या आत काम झालं. मग छातीचा एक्स-रे, नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत नीट पोचलंय का ते बघायला. केमो त्याच दुपारी. टाका नाही, ऑपरेशन थिएटर नाही, खर्च पोर्टपेक्षा बराच कमी. रक्तही तिथूनच घ्यायचे. काढताना तर ओपीडीत दोन मिनिटांचं काम. कापाकापीची ज्यांना धास्ती आहे आणि ज्यांचं एक ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांना हे किती मोठं वाटतं ते मला ठाऊक आहे.

मग प्रश्न आला ड्रेसिंगचा.

पिक लाइनचं ड्रेसिंग आठवड्यातून एकदा बदलायचं आणि नळी सलाईनने धुवायची. मुंबईत राहणाऱ्या बाईला यात विशेष काही नाही, रिक्षाने जायचं आणि तासाभरात परत. मी चिपळूणची. केमो मुंबईला, दर तीन आठवड्यांनी, गाडीने पाच-सहा तास. (कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत. फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून मिळतो. आम्हाला हे तिसऱ्या खेपेला कळलं.) मधल्या दोन ड्रेसिंगसाठी दरवेळी मुंबई गाठणं शक्य नव्हतं. गावातल्या दोन दवाखान्यांत विचारलं. दोन्हीकडे म्हणाले, ही नळी आमच्याकडे कुणी हाताळलेली नाही, काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? त्यांचा राग आला होता तेव्हा. आज वाटतं, त्यांनी खरं ते सांगितलं.

शेवटी आमच्या आळीतल्या एक निवृत्त सिस्टर धावून आल्या. मुंबईच्या सिस्टरांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. मास्क दोघींनी लावायचा, औषधाने पुसल्यावर कातडी आपोआप वाळेपर्यंत थांबायचं, फुंकर घालायची नाही, आणि नळी धुवायला सिरिंज दहा मिलीचीच घ्यायची, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त पडून नळी फाटू शकते. त्या दर बुधवारी यायच्या, पैशाचं नाव काढू द्यायच्या नाहीत. माझ्या उपचारात औषधांइतकाच त्यांचा वाटा आहे असं मी मानते.

पण कोकणातला एप्रिल त्यांच्या हातात नव्हता. ती पारदर्शक पट्टी घामाने सुटायची. बुधवारी लावलेल्या ड्रेसिंगची कड शनिवारी उचललेली असायची. कड सुटली की ड्रेसिंग निकामी, तिथून जंतू आत गेले तर थेट मोठ्या शिरेत. तेही केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, जेव्हा पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. मी दिवसातून दहा वेळा आरशात दंड बघायचे. वरून आणखी पट्टी चिकटवायची, तीही सुटायची. पट्टीखाली खाज यायची आणि खाजवता यायचं नाही. आंघोळीला दंडाला प्लॅस्टिक गुंडाळून हात खुंटीसारखा वर धरायचा आणि यांनी अंगावर पाणी घालायचं. डोक्यावरून तांब्या घेतला नाही असे नऊ आठवडे गेले. उकाड्याच्या दिवसांत, अंगात केमोची काहिली असताना, हे फार जड जातं.

दुसरी अडचण या हातांची. डाव्याने वजन उचलायचं नाही कारण काख, उजव्याने उचलायचं नाही आणि तीच तीच हालचाल करायची नाही कारण नळी. खवणीवर नारळाची एक वाटी खवायला बसले तर सासूबाई ओरडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. बीपी पायाला बघायचे.

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी रात्री वीज गेली, पंखा बंद, आणि पहाटे उठले तेव्हा ड्रेसिंग उशीला चिकटलेलं होतं. नळी दंडावर उघडी. सिस्टर लग्नासाठी परगावी गेलेल्या. यांनी स्वच्छ गॉज गुंडाळलं आणि आम्ही मिळेल त्या गाडीने मुंबई गाठली. संसर्ग झाला नव्हता. पण पट्टीच्या चौकटीएवढी कातडी लाल होऊन तिच्यावर बारीक फोड आले होते, आणि गाडीतले ते सहा तास मी ताप येतोय का म्हणून कपाळ चाचपत काढले होते. चौथं लाल औषध झाल्यावर पिक लाइन काढली आणि पुढच्या वर्षभरासाठी पोर्ट घालायचं ठरलं. मला ठरवायला क्षणभरही लागला नाही.

पोर्ट जूनमध्ये बसवला, उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली. उजवी बाजू अशासाठी की डाव्या छातीवर पुढे रेडिएशन होतं. थिएटरमध्ये न्यावं लागतं, हे खरं. जागा बधीर करतात, गुंगीचं थोडं औषध देतात, पाऊण तास लागला. चार-पाच दिवस मान वळवताना आखडल्यासारखं वाटायचं आणि गळ्याशी निळं-पिवळं झालं होतं. दहाव्या दिवशी टाके निघाले. अकराव्या दिवशी बंबात पाणी तापवून मी मोरीत एकटी बसले, दार लावून, आणि अख्खी बादली डोक्यावरून ओतून घेतली.

त्यानंतरच्या पोर्टबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे, आणि तीच त्याची खूबी. पॅक्लिटॅक्सेलचे बारा आठवडे मी डोंबिवलीला बहिणीकडे राहिले. भर पावसाळा, लोकलने जाणं-येणं, कितीदा भिजले, छातीकडे बघायची वेळ आली नाही. पुढे चिपळूणला परतल्यावर तीन आठवड्यांनी एकदा ट्रास्टुझुमॅबला जायचं, सुई लावायची, काढायची, घरी यायचं. मधल्या दिवसांत ना ड्रेसिंग, ना पट्टी, ना बुधवार. नारळही खवला. औषध चालू असताना दर तीन आठवड्यांनी पोर्ट धुणं आपोआप होतं. औषध संपल्यावर पोर्ट तसाच ठेवला तर साधारण महिन्या-दोन महिन्यांनी धुवायचा असतो, किती दिवसांनी ते तुमचे डॉक्टर सांगतील.

त्याच्या उण्या बाजू लपवत नाही. खर्च जास्त, आणि काढायला पुन्हा छोटं ऑपरेशन. महात्मा फुले योजनेतून उपचार असतील तर पोर्ट त्यात बसतो का हे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, आधीच विचारा, बसवून झाल्यावर विचारून उपयोग नाही. प्रत्येक वेळी कातडीतून सुई टोचावी लागतेच. बधीर करणारं मलम तासभर आधी लावून वर प्लॅस्टिक झाकलं तर टोचल्याचं जेमतेम कळतं, आमच्या वॉर्डात सगळ्या ‘प्रायलॉक्स’ लावून यायच्या. पोर्टला साधी सुई चालत नाही, ‘ह्युबर’ नावाची खास सुई लागते. साध्या सुईने आतला सिलिकॉनचा पडदा खराब होतो. गावाकडे ती सुई असेलच असं नाही, म्हणून मी दोन सुया आणि पोर्टचं कार्ड कायम पिशवीत ठेवायचे. सीटी स्कॅनचं औषध जोराने सोडतात, ते प्रत्येक पोर्टला झेपत नाही, कार्डावर ‘झेपतं’ असं लिहिलेलं असेल तरच पोर्टमधून द्यायचं. आणि व्रण राहतो. गळ्याखाली बोटाच्या पेराएवढी रेघ आहे माझी, ब्लाऊजचा गळा थोडा वर घेतला.

हा सगळा एका बाईचा, एका उन्हाळ्याचा अनुभव झाला, आणि मी डॉक्टर नाही. मोजलेलं हवं असेल तर ब्रिटनमध्ये १,०६१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आहे. त्यात पोर्ट आणि पिक लाइन यांची समोरासमोर तुलना केली तेव्हा पोर्टवाल्यांपैकी ३२ टक्क्यांना, तर पिक लाइनवाल्यांपैकी ४७ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला होता. संसर्ग, गुठळी, नळी तुंबणं वगैरे सगळं धरून. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. पण ३२ हा आकडाही लहान नाही. पोर्टलाही संसर्ग होतो, गुठळी होते. कुठलंही लावलेलं असो, ताप १००.४ च्या वर गेला किंवा नळी धुतल्यावर हुडहुडी भरली, हात किंवा मान सुजली, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता फोन करायचा.

पिक लाइन कुणी घ्यावी? ज्यांच्या केमो मोजक्याच आहेत, समजा तीन महिन्यांत संपणाऱ्या. ज्यांचं घर हॉस्पिटलपासून जवळ आहे. ज्यांना परवाच केमो सुरू करायची आहे आणि थिएटरची तारीख मिळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर डॉक्टर स्वतःच तिकडे वळतील. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाई दादरच्या होत्या, चार केमो पिक लाइनवर, थंडीच्या दिवसांत, काडीचा त्रास झाला नाही त्यांना. त्या मला म्हणायच्या, अहो एवढ्यासाठी कशाला छाती चिरून घेता? त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या.

भाचीचं मात्र वर्षभराचं आहे, घर संगमेश्वरला आहे, आणि उन्हाळा तोंडावर आहे. ड्रेसिंग कोण करणार असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, बघू, मिळेल कोणीतरी. या ‘बघू’ची मला काळजी वाटते. मला मिळाल्या तशा सिस्टर सगळ्यांना आळीत मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी त्यांनाही लग्नाला जायचं असतं. म्हणून तिला पोर्टच सुचवला.

गुरुवारी ती सर्जनना भेटणार आहे. जाताना रोज वापरतेस तीच ब्रेसियर घालून जा, असं सांगितलंय. पोर्टची जागा पेनने आखतात तेव्हा पट्टा कुठून जातो ते त्यांना दाखव, मंगळसूत्र कुठे टेकतं तेही दाखव. माझा पट्टा बरोबर पोर्टवरून जायचा, वर्षभर मी तिथे रुमालाची घडी ठेवत होते. आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांनी जागा बोटभर आत घेतली असती.