दरबारातली मानकरीण पाठीकडून ओळखा: क्योटोचं वेशभूषा संग्रहालय

निशी होंगान-जी मंदिराजवळ, होरिकावा रस्त्याच्या पूर्वेला, एका साध्या ऑफिस-इमारतीच्या पाचव्या मजल्यावर हे संग्रहालय आहे. जागा लहान आहे. तरीही हजार वर्षांपूर्वीच्या जपानी दरबारात खानदानी बायका चाकरी कशी करत, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्योटोत आधी इथेच जावं.

‘गेंजीची कथा’ या मुरासाकी शिकिबूच्या जुन्या जपानी कादंबरीतला रोकुजो-इन वाडा इथे एक-चतुर्थांश मापात उभा केला आहे. लाकडी जमीन, बसण्यापुरतीच अंथरलेली तातामी (गवती चटया), बांबूचे चिकाचे पडदे आणि त्यांच्या आत बाहुल्या. बहुतेक लोक रंग बघत पुढे सरकतात. तुम्ही बाहुल्यांच्या पाठी बघा. जिच्या कमरेमागे निऱ्यांचा लांब ‘मो’ (फक्त मागे पसरणारा घोळ) जमिनीवर पसरलाय आणि वर आखूड ‘कारागिनु’ (जाकीट) आहे, ती न्योबो, म्हणजे चाकरीतली. मालकीण बहुधा याहून सुटसुटीत कपड्यांत दिसते. सगळ्यात जड पोशाख राणीचा असणार, असं आपण धरून चालतो. पण तो वरिष्ठांसमोर बसणाऱ्या बाईचा अदबीचा वेश होता. 1008 साली महाराणी शोशीच्या सेवेत असलेली लेखिका मुरासाकी शिकिबूही याच वर्गातली. एवढी एक खूण कळली की अख्ख्या वाड्यातली उतरंड आपोआप वाचता येते.

या थरांच्या पोशाखाला आज ‘जुनीहितोए’ म्हणतात. त्याचा क्रम असा: पांढरा कोसोदे (आतला झगा), पायघोळ लाल हाकामा (घोळदार विजार), बिनअस्तरी हितोए (झगा), त्यावर पाच उचिगी (अस्तराचे झगे), मग उचिगिनु आणि उवागी हे आणखी दोन झगे, कारागिनु आणि शेवटी मो. हितोए सर्वांत मोठा असतो आणि वरचा प्रत्येक थर किंचित लहान, म्हणून बाह्यांच्या कडेला सगळे रंग ओळीने दिसतात. आजच्या पद्धतीत दोघं जण नेसवतात, एक पुढून, एक मागून. नवा थर बांधला की आतल्या थराची दोरी ओढून काढतात, त्यामुळे शेवटी सगळा डोलारा मो-च्या बंदावर राहतो. घोळ होतो तो गळ्यापाशी: आतली गळपट्टी तेव्हाच जुळवली नाही तर कडेचा रंग झाकला जातो, आणि तो दुरुस्त करायला वरचे थर उतरवावे लागतात. पूर्ण जोडाचं वजन 15 ते 20 किलोच्या घरात जातं. या वजनात उठणं-बसणं किती अवघड, हे नुसतं बघून कळत नाही.

इथे पूर्ण मापाचे कपडे अंगावर घालून बघण्याचीही सोय आहे. अंगात पातळ कपडे ठेवा, खांद्यावरची पर्स काढा, आणि हाकाम्यात चालताना पाऊल उचलू नका. कापड पुढे लोटत चला, नाहीतर स्वतःच्याच घोळावर पाय पडतो. शहरात पैसे घेऊन जुनीहितोए नेसवणारे स्टुडिओ आहेत. तिथे कानांपाशी फुगवलेली केशरचना दिसली तर ती बऱ्याच नंतरच्या एदो काळातली (1603-1868) समजा. हेइआन काळातल्या, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या, बायकांचे केस सरळ पाठीवर सोडलेले असत.

रविवारी आणि सरकारी सुट्टीला संग्रहालय बंद असतं. मांडणी बदलतानाही ते बरेच दिवस बंद ठेवतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी तारखा बघून घ्या.