दोनशे रुपयांच्या कोंजॅक नूडल्स आणि वीस रुपयांचा दुधी

रात्री दहाला नूडल्स खायची सवय मला कॉलेजपासूनची. झटपट नूडल्सचा ७० ग्रॅमचा पुडा म्हणजे ३०० च्या आसपास कॅलरी, त्याही बहुतेक वेळा तळून वाळवलेल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मग लेकीने मोबाइलवरून कोंजॅक नूडल्स मागवून दिल्या. पाकीट दोनशे रुपयांचं, आणि वर ठळक अक्षरांत १०० ग्रॅमला १० पेक्षा कमी कॅलरी.

दावा खरा आहे. यात जवळजवळ ९७ टक्के पाणीच असतं, उरलेला ग्लुकोमॅनन नावाचा तंतू, जो आपल्याला पचत नाही. तो निघतो कोंजॅकच्या कंदातून. हा कंद आपल्या सुरणाच्या गोतावळ्यातलाच. जून लागला की ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका काकडं या आंबट रानफळांबरोबर शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसतात ना, ती शेवळंही याच कुळातली. घशाला खाज आणणारं घराणं! (सुरणात मात्र पिष्ट भरपूर, त्यामुळे त्याच्या नूडल्स करून काही साधणार नाही.) जपानमध्ये कंदाच्या पिठाचा लगदा चुन्याच्या निवळीने घट्ट करतात, आणि पाकिटातलं पाणीही बहुधा तसलंच असतं.

म्हणूनच पाकीट फोडलं की थेट मासळीबाजाराचा वास. श्रावण पाळत असाल तर आधी खिडक्या उघडा.

पाकिटावर नुसतं 'धुऊन वापरा' लिहिलंय, तेवढ्याने भागत नाही. चाळणीत घालून नळाखाली चोळून धुवायच्या, उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटं काढायच्या आणि मग कोरड्या कढईत, तेलाचा थेंब न घालता परतायच्या. आधी नुसती वाफ येते. पाणी आटत आलं की त्या कढईला घासून चक्क चुंई चुंई करायला लागतात. तो आवाज आला की वास गेला म्हणून समजा.

एवढं करून चव? काही नाही. दाताखाली करकरतात, सॉस अंगाला लावून घेत नाहीत. हाका नूडल्सचा बेत असेल तर नादच सोडा. टोमॅटोच्या सारात किंवा कोंबडीच्या पातळ रश्शात मात्र छान लागतात. पण प्रथिनं शून्य, त्यामुळे सोबत अंडं किंवा मोडाचे मूग हवेतच. नीट चावून खायच्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर गोळी आणि या नूडल्स यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, हा तंतू औषध अंगी लागायला आडवा येऊ शकतो. पाचपैकी अडीच गुण.

दुकानात शेजारीच नाचणीच्या, ज्वारीच्या नूडल्स असतात. त्या वाईट नाहीत, पण कमी कॅलरीच्या नव्हेत. धान्य ते धान्यच. पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. जे जास्त, ते आधी लिहावं लागतं. पुढे भलीमोठी नाचणी रंगवलेली आणि यादीत पहिलं नाव गव्हाचं, असंही दिसतं.

रोजच्यासाठी मी शेवटी भाजीवाल्याकडेच वळले. झुकिनीचा भाव बघून पुढे सरकले आणि वीस रुपयांचा कोवळा, सरळसोट दुधी घेतला. १०० ग्रॅमला १५ च्या आसपास कॅलरी, म्हणजे कोंजॅकपेक्षा पाचदहाच जास्त. साल काढून सोलाण्याने लांब पट्ट्या काढायच्या, बियांपाशी आलं की थांबायचं. आतला गर थालीपिठात जातो. सुरीने पट्ट्यांच्या बारीक सळ्या करायच्या, मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या आणि घट्ट पिळायच्या. हे पिळणं टाळलं तर कढईत नूडल्स नव्हे, दुधीचा रस्सा होतो. मोठ्या आचेवर दोन मिनिटं, बस. कोबीचं काम याहून सोपं: जाड शिरा काढून लांब लांब चिरायचा. तो कुरकुरीत राहतो आणि सोया सॉसही धरतो. हाकाच्या बाबतीत कोबीने कोंजॅकला केव्हाच मागे टाकलं.

तेलाकडे मात्र लक्ष ठेवा. एका मोठ्या चमच्यात १२० च्या आसपास कॅलरी असतात. दोन चमचे तेल आणि वर शेजवान चटणी घातलीत तर वाचवलेलं सगळं कढईतच परत आलं.

आणि दुधी चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी कचऱ्यात घाला. कडू दुधीने माणसं दवाखान्यात गेली आहेत, जीवही गेलेत. शिजवून तो कडूपणा जात नाही. वीस रुपयांकडे बघू नका.